सर्व सदस्यांनी उभे राहून

"मी बसले होते," दंतवैद्यबाई म्हणाल्या, आणि टेपताईच्या कपातला चहा बशीत सांडला. झालं एवढंच. दुपारची वेळ होती, प्रतिवेदकांच्या, म्हणजे सभा उतरवून घेणाऱ्यांच्या, खोलीतला पंखा कुरकुरत होता, दुसऱ्या पाळीचे गृहस्थ जेवायला गेले होते, आणि दारात ह्या बाई उभ्या. पेशानं दाताच्या डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी नगरपरिषदेवर निवडून आलेल्या, उंच, केस आखूड, आणि समोरच्याला आपण आत्ता तोंड उघडायला सांगणार आहोत अशा नजरेनं बघायची सवय. त्यांच्या हातात मागच्या सभेचं छापील इतिवृत्त होतं आणि पहिल्याच वाक्यावर बोट होतं. "हे बघा. 'सभेच्या प्रारंभी सर्व सदस्यांनी उभे राहून प्रार्थना केली.' मी बसले होते. निवडून आल्यापासून दर सभेला बसतेय. हे वाक्य खोटं आहे." टेपताईनं आधी बशीतला चहा कपात ओतला, मग कागद हातात घेतला, मग चष्मा लावला. वाक्य तिला पाठ होतं, तरी तिनं ते वाचलं. "दुरुस्ती सभागृहात मागायची असते, बाई. इतिवृत्त कायम करताना. इथं नाही." "मागणारच आहे, परवा. म्हटलं आधी तुमच्या कानावर घालावं. तुमच्या कामात चूक काढायची म्हणजे..." "माझ्या कामात चूक नसते," टेपताई म्हणाली, आणि म्हणताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दंतवैद्यबाई हसल्या नाहीत, हे एक बरं झालं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही मला उभी राहिलेली पाहिलंत?" आणि उत्तराची वाट न बघता, आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचे डोळे मिटलेले असतात. माझी खुर्ची तुमच्या टेबलासमोरच आहे ना. सगळ्यांनी डोळे मिटल्यावर बसलेल्या माणसाला दुसरं काय काम? मी बघत असते. गेल्या वर्षी एकदा तुम्ही रडत होतात. आदल्याच आठवड्यात तुमच्या आई गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. हे मी सभागृहात बोलणार नाही हं. ते तुमचं आहे." आणि बाई गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तो चहा तिनं प्यायला नाही. आपल्याला कुणी पाहिलं, ह्या एका गोष्टीनं तिचं अंग असं आकसलं होतं, जसं काही न्हाणीघराचं दार कुणी उघडलं असावं. बावीस वर्षं ती सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या पायाशी असलेल्या त्या बुटक्या टेबलापाशी बसत आली होती, आणि बावीस वर्षं तिची अशी ठाम समजूत होती की आपण तिथं कुणाला दिसत नाही. प्रतिवेदकाला तोंड नसतं. त्याला कान असतात आणि एक हात असतो. एक्केचाळीस सदस्य बोलतात, भांडतात, टाळ्या पिटतात, एकमेकांचे बाप काढतात, आणि मधल्या टेबलावर एक पेन्सिल वहीवरून पळत असते. मिनिटाला एकशेऐंशी शब्द. ध्वनिमुद्रणाचं मशीन आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता ह्या बाईंचं काय काम. पण तीन जण एकदम ओरडायला लागले की मशीन भांबावतं आणि टेपताई भांबावत नाही, म्हणून तर तिला टेपताई म्हणत. हे नाव चेष्टेनं ठेवलेलं होतं आणि तिनं ते पदकासारखं वापरलं. तिच्या कारकिर्दीत सदस्यांनी तीन वेळा 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणून दुरुस्ती मागितली होती, आणि तिन्ही वेळा तिनं उभं राहून वहीतून वाचून दाखवल्यावर सदस्य खाली बसले होते. त्यांतली एक तर सभागृहात न शोभणारी शिवी होती. तिनं ती किराणा मालाची यादी वाचावी तशा आवाजात वाचली, सगळं सभागृह माना खाली घालून बसलं, आणि तिला आतून असा काही उमाळा आला की घरी जाताना ती दोन थांबे आधीच बसमधून उतरून उगीचच ताठ मानेनं चालत गेली. अभिमान म्हणजे दुसरं काय असतं? लोकांना घर असतं, शेतीवाडी असते, तिला तिच्या कपाटातल्या वह्या होत्या. आत ओळीनं उभ्या, पाठीवर तारखा, आणि एका वहीतला एक शब्द खोटा नाही.

आणि आता, म्हणे, प्रत्येक वहीतलं पहिलंच वाक्य.

नाही, वहीतलं नव्हे. तेवढा दिलासा तिनं स्वतःला दिला आणि तो लगेच हातातून निसटला. वहीत ते वाक्य नव्हतंच कधी. प्रार्थना चालू असताना पेन्सिल खाली ठेवायची हा ह्या टेबलाचा रिवाज. तिला काम शिकवणाऱ्या मोठ्या साहेबांनी तो घालून दिला होता. वही उघडायची ती प्रार्थना संपल्यावर, अध्यक्षांनी 'बसा' म्हटल्यावर. वाक्य होतं ते टंकलेखनाच्या साच्यात. आधी सायक्लोस्टाइलच्या कागदावर, मग संगणकात. सभेची तारीख घालायची, जागा घालायची, आणि त्याखाली ते वाक्य आधीच छापलेलं. म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी, सदस्य आपापल्या घरी झोपलेले असताना, टेपताईच्या संगणकात त्या सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना केलेली असायची. हे तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. वाऱ्याला जिच्या वहीतला एक स्वल्पविराम हलवता येत नव्हता, ती बाई बावीस वर्षं न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहीत होती! तिला हसू आलं, आणि लगेच आटलंही.

मोठ्या साहेबांनी ते वाक्य कधी केलं असेल? त्यांच्या काळात सगळे उभे राहतही असतील. ते एकदा मोजून लिहिलं असेल, आणि पुढे कुणी मोजलं नसेल. साहेब हाडाचे काटेकोर. ते प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि मग तिच्या लक्षात आलं की हे आपल्याला कधीच कळायची सोय नव्हती, कारण त्यांच्या शेजारी बसून आपण स्वतः डोळे मिटत होतो. बाकीच्या सगळ्या सभा ती विसरली असती, पण पहिला दिवस नाही. हात असा कापत होता की पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. मग सगळे उठल्याच्या खुर्च्यांचा एकदम आवाज झाला, आणि ती चार ओळींची प्रार्थना सुरू झाली. 'आम्हांला नीट ऐकू येवो, आम्हांला नीट दिसो, आमच्या तोंडून खरं निघो, आमच्या हातून कुणाचं वाईट न होवो.' कुणा एका देवाचं नाव त्यात नव्हतं, आणि कुणी केली ती हेही कुणाला ठाऊक नव्हतं. प्रतिवेदकानं उठायचं नसतं, म्हणून ती बसल्या जागीच डोळे मिटून म्हणत होती, आणि तिला वाटलं की ही तर माझ्याच कामाची प्रार्थना आहे. बाकीच्यांना कशाला हवी? 'बसा' ऐकून तिनं डोळे उघडले तेव्हा हात थांबला होता. त्या दिवसापासून तो पुन्हा कधी कापला नाही. सदस्य काहीही म्हणोत, सरकारी जागेत प्रार्थना असावी की नसावी ह्यावर वर्तमानपत्रात काय वाटेल ते छापून येवो, तिच्या हाताला विचारलं असतं तर हातानं एकच उत्तर दिलं असतं.

आईचीच सवय ती. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती, दिवसाला दोनशे चादरी, आणि पहाटे कामावर जाण्याआधी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, डोळे इतके घट्ट मिटलेले की पापण्यांच्या कडेला चुण्या पडायच्या. "डोळे उघडे ठेवले की माणसं दिसतात," ती म्हणायची, "आणि माणसं दिसली की मागणं बदलतं, पोरी." लहानपणी ह्याचा अर्थ तिला कळला नव्हता आणि विचारायचं धाडस नव्हतं. आई गेली त्याच्या आठव्या दिवशी सभा होती. रजा मिळाली असती. तिनं घेतली नाही. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गळ्यात पडून तिला रडता येईना, आणि सभागृहातल्या त्या दोन मिनिटांत मात्र, एक्केचाळीस माणसांच्या मधोमध, कुणी बघत नाही ह्या खात्रीनं, ती पोटभर रडली आणि 'बसा' म्हटल्याबरोबर नाक पुसून पाणीपुरवठ्याची चर्चा उतरवायला लागली. तसं रडणं ती आयुष्यात रडली नव्हती. आणि समोरच्या खुर्चीवरून एक जणी ते बघत होती. त्या बाईचा तिला राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी हलत होतं. वर्षभर ती बाई ते कुणाजवळ बोलली नव्हती.

खरं कोडं तर पुढेच होतं, आणि ते तिला घरी जाताना बसमध्ये पडलं. परवाच्याच सभेत दंतवैद्यबाईंच्या विरुद्ध ठराव येणार होता. बांधकामवाले सदस्य, गावातल्या निम्म्या इमारतींना ज्यांची वाळू लागली होती, त्यांनी तो दिला होता. प्रार्थनेला न उठून सभागृहाचा अवमान केला, सबब तीन महिने सभेतून निलंबित करावं. तीन महिने म्हणजे अंदाजपत्रक गेलं, आणि बाईंच्या वॉर्डातला दवाखानाही गेला. ह्या ठरावाला पुरावा काय? मागच्या सभेचं इतिवृत्त. आणि त्यात तर सर्वांनी उभे राहून प्रार्थना केली होती! म्हणजे टेपताईचं खोटं वाक्यच बाईंना तारणार होतं. आणि बाई निघाल्या होत्या तेच पुसायला. फांदीवर बसून फांदी तोडायची म्हणजे काय, तर हे. असं का करत असेल ही बाई? हट्ट? मिरवायची हौस? टेपताईनं बावीस वर्षं हट्टी आणि हौशी माणसं उतरवली होती, त्यांचा आवाज तिला अंधारातही ओळखता आला असता. हा तो आवाज नव्हता. 'हे वाक्य खोटं आहे,' बाई म्हणाल्या होत्या, ते दाताला कीड आहे असं सांगावं तसं. तो तर टेपताईचा स्वतःचा आवाज होता. किराणा मालाची यादी वाचायचा.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष मूळचे मालमोटारींच्या धंद्यातले, देह मोठा, आवाज त्याहून मोठा, पण खोलीत दोघंच असली की बापासारखे बोलायचे. त्यांनी दार लोटून घेतलं. "ताई, तुम्हांला सगळं माहीत आहेच. मी काय म्हणतो, डॉक्टरीणबाई उठून दुरुस्ती मागतील. मी तुम्हांला वाचायला सांगेन. तुम्ही वाक्य वाचा आणि बसा. बस्स. इतिवृत्त कायम झालं की ठरावाला पायाच उरत नाही. सुंठीवाचून खोकला गेला. बाई वाचल्या, सभागृहाची अब्रू वाचली, माझं डोकं वाचलं." "पण साहेब, बाईंनाच ते नकोय." "हीच तर गंमत! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं." ते खुर्चीत मागे रेलले, मग एकदम निराळ्या, थकलेल्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू? माझा जीव आहे त्या प्रार्थनेवर. महिन्यातून दोन मिनिटं तिथं कुणी कुणाला शिवी देत नाही. तेवढी दोन मिनिटं काढून घेतली तर राहिलं काय, ताई? कुस्तीचा आखाडा. आता हे उकरून काढलं की कोण उठतो, कोण बसतो, कोण कुणाकडे बघतो, ह्याचीच मोजणी सुरू होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची असते." ह्यातला शब्दन् शब्द टेपताईला पटला. हीच पंचाईत होती. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते, आणि तिच्याकडून फक्त एक वाक्य वाचून खाली बसण्याची अपेक्षा करत होते, जे ती बावीस वर्षं करत आली होती. दारापाशी गेल्यावर तिनं विचारलं, "साहेब, बाई का बसतात, तुम्ही कधी विचारलंत?" "विचारलं की. म्हणाल्या, घरी मीही हात जोडते, पण इथं मी एकटी नसते. माझ्या वॉर्डातली सगळी माणसं माझ्या खुर्चीत बसलेली असतात, त्यांतल्या निम्म्यांना न विचारता मी त्यांना उभं कसं करू?" अध्यक्षांनी हात उडवले. "आता ह्याला काय बोलणार?"

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, माणूस गमत्या, देवाधर्माशी त्याचं भांडणही नव्हतं आणि येणंजाणंही. आईसाठी रडताना बाईंनी आपल्याला पाहिलं, तेवढं मात्र तिनं गाळलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाला, "मी महिन्याला लिफ्टमध्ये 'तपासली' म्हणून कागद चिकटवतो. लिफ्ट न बघता चिकटवला, आणि लिफ्ट नीटच चालली, तर?" "तर काय?" "तर काही नाही. लोक वर जातील, खाली येतील. फक्त तुला जर कळलं असतं, तर तू मला ह्या घरात उभं केलं नसतंस." ती चिडली. "तुझी लिफ्ट आणि माझी सभा एक आहे का?" "नाही बुवा. माझ्या लिफ्टमध्ये प्रार्थना जास्त होते," तो म्हणाला, आणि तिला हसावं लागलं. पण अंथरुणावर पडल्यावर मनानं पुन्हा तेच दळण घातलं. वाक्य वाचून बसलं, तर कुणाचं काय जाणार होतं? बाई तरल्या असत्या. प्रार्थना राहिली असती. आणि उभं राहून खरं सांगितलं, तर आधी सांगावं लागणार होतं की मी बघत नव्हते, माझे डोळे मिटलेले होते, मी कामाच्या टेबलावर, सरकारी वेळेत, प्रार्थना करत होते. आणि एकदा हे सांगितल्यावर पुढच्या सभेपासून डोळे कसे मिटायचे? प्रतिवेदकानं बघायलाच हवं. म्हणजे खरं सांगायची किंमत दुसऱ्या कुणाला नाही, तिलाच पडणार होती. ती दोन मिनिटं. हाताला स्थिर करणारी, आईसाठी रडू देणारी, तिची म्हणून तिच्याजवळ असलेली एकुलती एक जागा. बाईंनी फांदी तोडली तर तोडली, आपण का तोडायची? ह्या प्रश्नावरच तिला झोप लागली.

सभेच्या दिवशी गॅलरी भरली होती. ठरावाची बातमी फुटली होती. पहिली पाळी तिचीच. तिनं वही ठेवली, पेन्सिली ठेवल्या, टोकं तपासली. अध्यक्ष आले, खुर्च्यांचा तो एकदम आवाज झाला, आणि प्रार्थना सुरू झाली. 'आम्हांला नीट ऐकू येवो.' पापण्या आपोआप खाली यायला लागल्या आणि तिनं त्या अडवल्या. शिंक अडवावी तशी ती ओढ नाकाच्या मुळाशी दुखली. 'आम्हांला नीट दिसो.' आणि तिला दिसायला लागलं. बावीस वर्षं ज्या खोलीत ती बसत होती, त्या खोलीतली ही दोन मिनिटं तिनं कधी पाहिलीच नव्हती. दंतवैद्यबाई बसलेल्या, हात मांडीवर, मान सरळ, रुग्णाची गुंगी उतरायची वाट बघावी तशा शांत. पण त्या एकट्या नव्हत्या. मागच्या रांगेत गुडघ्यांनी बेजार झालेले म्हातारे सदस्य बसलेले. त्यांच्या पलीकडे दोघं अर्धवट उठल्यासारखे, खुर्चीला पाठ लावून वाकलेले, उभेही नाहीत आणि बसलेलेही नाहीत. एक जण खिडकीबाहेर बघत कान कोरत होता. आणि बांधकामवाले सदस्य, अवमानाचा ठराव ज्यांच्या खिशात होता, ते उभे राहून, मान भक्तिभावानं लववून, टेबलाच्या कडेआड धरलेल्या मोबाइलवर अंगठा फिरवत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण इतकं अक्षरशः तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं मान वळवून वर पाहिलं आणि नजर थबकली. अध्यक्षांचे ओठ थरथरत होते. त्या अवाढव्य माणसाच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांना तशाच चुण्या पडल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इस्त्रीवालीच्या डोळ्यांना पडायच्या तशा. तिनं झटकन नजर काढून घेतली. हे बघायचं नसतं, तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की बावीस वर्षं 'सर्व सदस्यांनी' म्हणून तिनं ज्यांना एका ओळीत उभं केलं होतं, त्यांत ह्या माणसाची खरी प्रार्थना आणि त्या मोबाइलवाल्याचं सोंग एकाच मापानं मोजलं गेलं होतं. तिचं वाक्य बसलेल्या बाईंवर तर अन्याय करत होतंच, पण जो मनापासून उभा होता त्याच्यावरही करत होतं. 'आमच्या तोंडून खरं निघो.' बाकीचे म्हणत होते. तिनं म्हटलं नाही, फक्त ऐकलं.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. दंतवैद्यबाई उठल्या. "अध्यक्षमहाराज, पहिल्या वाक्यात दुरुस्ती हवी. मी उभी नव्हते." बांधकामवाले टेबलावर थाप मारून ओरडले, "ऐका! स्वतःच्या तोंडानं कबूल! आता आणि कसला पुरावा हवाय?" गॅलरीत गलका झाला. टेपताईची पेन्सिल हे सगळं उतरवत होती, थाप कंसात घालत होती. अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सदस्य काय म्हणतात ते नंतर बघू. इतिवृत्त काय म्हणतं ते आधी. प्रतिवेदकांनी वाचून दाखवावं." ती उठली. कागद समोर धरला. "'सभेच्या प्रारंभी सर्व सदस्यांनी उभे राहून प्रार्थना केली.'" आवाज नेहमीचा, सपाट. "झालं तर मग," अध्यक्ष घाईनं म्हणाले, "इतिवृत्त स्पष्ट आहे. कायम करण्यात..." आणि ते थांबले, कारण ती बसली नव्हती.

इतकी साधी गोष्ट होती. एक बाई उभी होती. पण त्या सभागृहात ती जागा उभं राहून स्वतःचं काही बोलायची नव्हती, आणि सगळ्यांना ते एकदम जाणवलं. कान कोरणाऱ्यानं कानातलं बोट काढलं. टेपताईचा आवाज कापत नव्हता, ह्याचं तिलाच नवल वाटलं. "अध्यक्षमहाराज, हे वाक्य माझ्या वहीतलं नाही. ते सभेच्या आदल्या दिवशी छापलेलं असतं. मागच्या सभेत कोण उभं होतं आणि कोण बसलं होतं, हे मी पाहिलेलं नाही. माझे डोळे मिटलेले होते. मी प्रार्थना करत होते. बावीस वर्षांत मी ते एकदाही पाहिलेलं नाही. तेव्हा सन्माननीय सदस्या म्हणतात ते खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि हे वाक्य खरं आहे असंही म्हणू शकत नाही. ते काढून टाकावं. बावीस वर्षांतलं प्रत्येक काढून टाकावं." तिनं श्वास घेतला. "आज मी डोळे उघडे ठेवले होते. आजचं विचाराल तर सांगता येईल. कोण कसं होतं ते."

आजचं मात्र कुणी विचारलं नाही. अर्धवट उठलेले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बांधकामवाल्यांचा हात नकळत खिशातल्या मोबाइलकडे गेला, तिथंच राहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी छताकडे. म्हातारे सदस्य मागून मोठ्यानं म्हणाले, "माझं सांग गं, बाई! मी बसलो होतो! माझे गुडघे गेलेत आणि देवाला ते ठाऊक आहे!" गॅलरी हसली, आणि हसण्यातच काहीतरी सुटलं. "सदर वाक्य वगळून इतिवृत्त कायम," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी टेपताईकडे पाहिलं. रागावले होते की नाही, कळेना. "यापुढे 'प्रार्थना झाली' एवढंच लिहावं. ज्यांना उभं राहायचं त्यांनी राहावं, ज्यांना बसायचं त्यांनी बसावं, आणि कुणाची हजेरी घेऊ नये." ठराव मागं घेता का, असं त्यांनी विचारल्यावर बांधकामवाले उठले. चार शब्द सुनावल्याशिवाय बसणं त्यांना जमणारं नव्हतं. "घेतो. घेतो मागं. पण अध्यक्षमहाराज, ह्या ताईंना एक विचारा. आता डोळे उघडे ठेवायचे म्हणतात. मग ह्यांनी प्रार्थना कधी करायची?"

टोमणा होता, आणि नेमका जिथं दुखत होतं तिथं बसला. दंतवैद्यबाई अर्ध्या उठल्या. त्यांना वाटलं असेल, आपण काही बोलावं. टेपताईनं हात जरासा वर करून त्यांना बसवलं. तिला त्या दोन मिनिटांची आठवण झाली, नव्हे, ती दोन मिनिटं आताच गेल्याचं तिला अंगभर कळलं, दार लागल्यावर कळतं तसं. आणि दुःखाच्या जागी तिला जे वाटलं ते इतकं स्वच्छ होतं की तिनं लाजायचंही सोडून दिलं. तिला अभिमान वाटला. स्वतःचा, हाताचा, इथंतिथं खुर्च्या ओढत बसलेल्या ह्या एक्केचाळीस माणसांचा, ज्यांना आपलं खरं रूप ऐकायची हिंमत झाली नाही पण खोटं कायम ठेवायचीही झाली नाही. "ते माझं मी बघेन, साहेब," ती म्हणाली. "तुमचं बोलून झालं का? मला लिहायचंय."

ती बसली. वहीत जागा कोरी राहिली होती, कारण ती बोलत होती तेव्हा उतरवायला कुणीच नव्हतं. पाळी तिची होती. सभागृहात जे बोललं जातं ते सगळं उतरवायचं, मग बोलणारा कुणीही असो. तिनं पेन्सिल उचलली आणि समासात, जिथं बावीस वर्षं दुसऱ्यांची पदं लिहिली होती तिथं, लिहिलं, 'प्रतिवेदिका'. क्षणभर त्या शब्दाकडे पाहिलं. तो तिथं याआधी कधी आला नव्हता. मग त्याच्यापुढे तिनं स्वतःची सगळी वाक्यं लिहून काढली, 'माझे डोळे मिटलेले होते', 'मी प्रार्थना करत होते', एकही शब्द कमी न करता, एकही बरा न करता, दुसऱ्या कुणाची लिहावीत तशी. वर पाणीपट्टीचा विषय पुकारला गेला तेव्हा तिचं लिहून झालं होतं.